पौषातला दुसरा ठिपका

अन्याय बशीरचाचांवर झाला. गेल्या माघातल्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये, शे-सव्वाशे माणसांच्या देखत. वेळ पक्की ठाऊक आहे, कारण आमच्या फोटोंच्या प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे उशिरा आले होते आणि मी दारात उभी राहून घड्याळावर राग काढत होते. पाहुण्यांनी भिंतीवरचा धूमकेतूचा फोटो पाहिला. त्याखाली चाचांनी लावलेली चिठ्ठी मोठ्यानं वाचली, "गाभा दुभंगला आहे, दोन ठिपके स्पष्ट." मग पुन्हा फोटो पाहिला आणि हसून म्हणाले, "चाचा, इथं तर एकच दिसतोय. आता तुमचाच नंबर काढायला पाहिजे."

हॉल हसला. ज्या चष्म्यांतून ते हसत होते, त्यातले कितीतरी चाचांच्याच दुकानातले होते.

मी पत्रकं लिहिते. पाण्याची, रस्त्याची, बंद पडलेल्या शाळेची, गाडीची. पत्रकाची शिस्त मला पाठ आहे. कुणावर अन्याय झाला आणि कधी, हे पहिल्या ओळीत. कुणी केला, हे लगेच त्याच्या खाली. ती खालची ओळ आज मला लिहवत नाही. पाहुण्यांचं नाव टाकून मोकळी झाले असते तर पत्रक देखणं झालं असतं, पण ते खोटं झालं असतं. लिहीन, टाळणार नाही. थोडं मागून यावं लागेल.

आज पुन्हा जळत्या पाचटाचा वास आलाय. दिवाळी होऊन आठवडा झाला, खाली नदीकाठाला उसाच्या तोडी सुरू झाल्या आणि संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर तो गोडसर, घशाला लागणारा धूर आमच्या माळापर्यंत चढून आला. औंधच्या पलीकडं आमचं रान आहे. थोडा ऊस, बाकी शाळू, आणि मधोमध मोटरेची खोली. तिच्या पत्र्याशेजारी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चार पावलांची सिमेंटची गच्ची करून घेतलीय. फौजेतून आल्यापासून त्यांना उंचावर बसून रानावर नजर ठेवायची सवय. एका अंगाला यमाईचा डोंगर आणि पश्चिमेला सगळं मोकळं. गेल्या वर्षी याच वासात, याच गच्चीवर, कार्तिकापासून माघापर्यंत आम्ही एका धूमकेतूचे फोटो काढले. आता तीच थंडी पायाच्या अंगठ्यातून वर चढायला लागलीय. ऋतू परत येतो. तो धूमकेतू परत यायला काही हजार वर्षं लागतील म्हणे, आणि माझ्याकडं तेवढा वेळ नाही. चाचांकडं तर नाहीच.

चाचांची आणि माझी गाठ चष्म्यामुळं पडली. कॉलेजला असताना फळ्यावरचं दिसेना म्हणून विश्रामबागेतल्या त्यांच्या दुकानात गेले. त्यांनी भिंगं बदलून बदलून अक्षरं वाचायला लावली आणि मी अंदाजानं ठोकून देत होते. शेवटी ते म्हणाले, "पोरी, परीक्षा न्हाई ही. दिसत न्हाई म्हणायला लाज कसली? दिसत नसताना दिसतंय म्हणणाऱ्याचा नंबर कवाच बरोबर निघत न्हाई." मी तेव्हा हसले होते. पुढं माझी पत्रकं त्यांच्या दुकानाच्या काचेवर लागायला लागली. शेजारचे दुकानदार म्हणायचे, गिऱ्हाईक बिचकतंय. चाचा म्हणायचे, "बिचकू द्या. वाचता येतंय का तेवढं बघा, न्हाईतर आत पाठवा."

दुर्बीण त्यांनी स्वतः बांधली होती. वीतभर रुंदीचा आरसा वर्षभर दुकानाच्या माळ्यावर बसून हातानं घासलेला. नळी पाण्याच्या पाइपाची, बैठक जुन्या शिलाई मशीनच्या पायांवर. सांगाडा आमच्या गच्चीवर कायमचा राहिला, पण आरसा कुठंही ठेवायला ते तयार नव्हते. दर महिन्याच्या अंधाऱ्या पंधरवड्यात सांगलीहून विट्याला, तिथून गाडी बदलून आमच्या गावाला, मांडीवर स्टीलचा डबा. कंडक्टरनं एकदा विचारलं, चाचा, डब्यात काय, बिर्याणी? चाचा म्हणाले, "आभाळ हाय, बाबा. धक्का नको लावू."

यंत्रानं फिरणारी दुर्बीण आमच्याकडं नव्हती. आभाळ सरकतं, त्याबरोबर नळी सरकवायला चाचा एक स्क्रू हातानं फिरवायचे, आणि लय सांभाळायला तसबीह, म्हणजे जपाची माळ, वापरायचे. एक मणी, एक बारीक वळसा. तेहतीस मणी झाले की मी कॅमेऱ्याचं बटण सोडायची. मी विचारलं होतं, चालतं का हे? त्यांनी खिशातून दुसरी, लाकडी माळ काढून दाखवली. "ही पढायची. ही प्लास्टिकची मोजायची. दोन्ही एकात घालू नयेत. मोजायला लागलं की पढणं पातळ हुतं, आन् पढायला लागलं की मोजणं चुकतं."

धूमकेतू म्हटलं की लोकांना शेपूट लागते. आमच्याला शेपूट नव्हती. नावही नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे. आरशावर फुंकर मारली की उजळण्याआधी जो ओलसर धुरकटपणा क्षणभर राहतो, तेवढाच तो होता. नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही. दुर्बिणीतूनही सरळ पाहिलं की गायब, जरा बाजूला नजर ठेवली की असल्यासारखा. अण्णा पहिल्यांदा पाहून म्हणाले, "ह्यो? एवढ्यासाठी सांगलीवरनं मूव्हमेंट?" मग रोज संध्याकाळी स्वतःच विचारायला लागले, "चाचा, तुमचा जवान ड्यूटीवर आला का?"

"आलाय, सुभेदार. पर जरा खाली सरकलाय."

"खाली सरकायचाच. थंडीत पोस्ट बदलतात."

कार्तिकात तो उंच होता. मार्गशीर्षात शेजारच्या बोरीच्या शेंड्याला आला. दर खेपेला चाचा दुकानातल्या नंबराच्या चिठ्ठीवर नोंद करायचे. उजवा डोळा, डावा डोळा असे छापील रकाने, आणि त्यांवर आडवं लिहिलेलं: आज मोठा वाटला, आज फिका, आज कडेला चपटा. फोटो मी काढायची, पण पाहिलं त्यांनी. हा फरक मला तेव्हा कळला नाही.

पौषात यमाईची यात्रा झाली, पाळणे निघून गेले, आणि त्याच आठवड्यात विट्याहून येणारी संध्याकाळची गाडी बंद झाली. कुणाला न विचारता, कुणाला न सांगता. वद्य दशमीला चाचा फाट्यावर उतरले आणि डबा छातीशी धरून माळापर्यंत चालत आले. सत्तरीचा माणूस. पोचले तेव्हा त्यांच्या ओठांना रंग नव्हता. अण्णांनी चहा पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. "आदी आरसा बसवू. त्यो थांबायचा न्हाई माझ्यासाठी." धूमकेतू आता मावळतीच्या इतका जवळ होता की काळोख पडल्यावर जेमतेम पाऊण तास मिळायचा, आणि त्यातला अर्धा चालण्यात गेला होता. मी संतापले होते. गाडीवर, कचेरीवर, सगळ्या व्यवस्थेवर. मनात पत्रक सुरू झालं होतं.

चाचा डोळा लावून उभे राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. डावा डोळा मिटलेला, उजवा भिंगाला.

"पोरी," ते म्हणाले. "दोन हायत गं."

"काय दोन?"

"गाभा. आतला ठिपका. एकाला एक लागून दोन झालेत. ये, बघ."

"चाचा, वेळ नाहीये. खालून धूर चढतोय. बाजूला व्हा, कॅमेरा लावू द्या. फोटोत येईलच की."

ते बाजूला झाले. भिंगाच्या जागी मी कॅमेरा बसवला. त्यांनी प्लास्टिकची माळ हातात घेतली. पाच फोटो निघाले आणि धुराचा पडदा आला. मी पाहिलंच नाही. त्या एका वाक्याचं ओझं मी वर्षभर वाहतेय. फोटोत येईलच की.

आता ती खालची ओळ.

मी जिथं पत्रकं जुळवते त्या छापखान्यात एक रीत आहे. फोटो छापायला घेतला की आधी डाग काढायचे. कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ, केसाचा तुकडा, पांढरे कण. छपाईत ते मोठे होऊन दिसतात आणि लोक म्हणतात, पत्रक गलिच्छ आहे. माझा हात त्यात बसलेला. मोर्चातल्या बायांचे चेहरे मी असेच शेकड्यांनी स्वच्छ केलेत. प्रदर्शनासाठी मोठे प्रिंट काढायचे होते. पाचांतले चार फोटो हलले होते, ठिपक्यांच्या नुसत्या रेघा; एक चांगला होता. तो उघडला, मोठा केला, आणि त्याच सवयीनं एक एक पांढरा कण टिपत गेले. धूमकेतूला चिकटून एक ठिपका होता. मला तो अजून दिसतो. जरा तिरपा, खालच्या अंगाला, धूमकेतूच्या धुरकटपणाला टोचल्यासारखा. मी म्हटलं, हा तर ऐन मोक्याच्या जागी बसलाय. टिपला. पार्श्वभूमी इतकी एकसारखी झाली की मी स्वतःवर खूश झाले. त्याच नावानं, मूळ फोटोवरच, साठवलं.

चाचांची चिठ्ठी मी त्याखाली स्वतः चिकटवली. वाचली नाही. कडा सरळ आहेत का, एवढं पाहिलं.

म्हणजे पुरावा मी पुसला आणि साक्ष तशीच ठेवली, तीही त्याच भिंतीवर, एकाखाली एक. पाहुणे नुसते हसले. हसण्याची सोय मी केली होती.

कुणी म्हणेल, मूळ फोटो कॅमेऱ्याच्या कार्डात असेल. होता. दशमीनंतर तिसऱ्या दिवशी साताऱ्याला एसटीच्या कचेरीसमोर धरणं होतं, आमची गाडी परत सुरू करा म्हणून. कार्ड भरलेलं होतं. छापखान्यात उतरवून घेतलंय, या हिशेबानं मी रस्त्यात उभ्या उभ्या ते सगळं पुसलं आणि धरण्याचे फोटो काढले. घोषणा देणाऱ्या बाया, मांडीवरची मुलं, उन्हात डोक्यावर घेतलेली आमचीच पत्रकं. गाडी पुढल्या सोमवारी सुरू झाली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात लवकर मिळालेलं यश. ज्या गाडीनं चाचा यायचे, तिच्यासाठी मी चाचांनी पाहिलेलं पुसलं.

हॉलमध्ये चाचा काही बोललेच नाहीत, असं लोक सांगतात. तेही खोटं. ते बोलले. हसणं चालू होतं, खुर्च्या सरकत होत्या, पोह्यांच्या बशा आल्या होत्या. ते पाहुण्यांच्या कोपराजवळ उभे राहून सांगत होते, "सायेब, माझ्या डोळ्याचा दोष आसता तर तारेबी दोन दोन दिसले आसते. तारे एकेकच हुते. हाच तेवढा दोन हुता." किती साधी गोष्ट. शाळेतल्या पोरालाही पटेल. पाहुण्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "होतं हो वयानं." आणि मी, जी तहसीलदाराला कागद मागते, जी पोलिसाला छातीवरचा नंबर विचारते, मी भिंतीपाशी उभी राहून फोटोतल्या त्या पुसलेल्या जागेकडं बघत होते. मला तेव्हाच आठवलं होतं. तेव्हाच. आणि मी तोंड उघडलं नाही.

चार दिवसांनी उघडलं. पत्रक काढलं, माझ्याच विरुद्ध. ठिपका होता, मी पुसला, चाचा खरे. पाहुण्यांना नेऊन दिलं. ते म्हणाले, "आता सांगताय? म्हाताऱ्याचा मान राखायला खोटं बोलताय, चांगलं मन आहे तुमचं." विश्रामबागेत तेच पसरलं. पोरगी चाचांसाठी सारवासारव करतेय. आजवर माझ्या पत्रकातल्या प्रत्येक ओळीवर विश्वास ठेवणारे लोक माझ्याच कबुलीवर विश्वास ठेवेनात.

कार्ड घेऊन साताऱ्याला एका दुकानात गेले. पुसलेलं परत काढून देतो अशी पाटी होती. तो माणूस दोन दिवस झटला. लग्न, वाढदिवस, कुणाकुणाचं हरवलेलं त्यानं आजवर परत आणलं होतं. माझ्यासाठी एक फोटो निम्मा निघाला. वरचं आभाळ, बोरीची फांदी, तारे एकेक, आणि त्याच्या खाली करड्या पट्ट्या. धूमकेतू त्या पट्ट्यांत होता. "ताई, तेवढ्यावर दुसरं काहीतरी बसलंय," तो म्हणाला. त्यानं जे बसलं होतं तेही दाखवलं. धरण्यातली एक म्हातारी, तोंड उघडं, मूठ वर.

धूमकेतू बघणाऱ्यांना मी पत्रं लिहिली, इकडच्या आणि परदेशातल्याही. उत्तरं सभ्य होती. त्या दिवसांत तो फार खाली होता, आमच्याकडं ढग होते, कुणाकडं नोंद नाही. दुभंगला असेलही, तसं घडतं. तुमचा मूळ फोटो पाठवा. प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच. मूळ फोटो पाठवा.

माघाच्या अंधाऱ्या पंधरवड्यात आम्ही पुन्हा गच्चीवर गेलो. गाडी होती, चाचा वेळेवर आले. पश्चिमेला पाचटं पेटली होती, क्षितिजाला तांबूस कड, वर धुराची शाल. चाचांनी स्क्रू फिरवला, मणी सरकले, मी बटण दाबलं. काहीही नाही. दुसऱ्या संध्याकाळी काहीही नाही. चौथ्या दिवशी अण्णा खालून ओरडले, "काय रिपोर्ट?" आणि मग स्वतःच वर आले, चाचांच्या अंगावर आपली फौजी कांबळ टाकली आणि शेजारी उकिडवे बसले. तिघं बराच वेळ त्या धुराकडं बघत होतो. फाल्गुनात त्या जागी सूर्याचा उजेडच उजेड होता.

मला वाटलं होतं, मानअपमानाची गोष्ट आहे, निवेल. नाही निवली. चैत्रात दुकानात गेले तेव्हा एक बाई मुलीला घेऊन आली होती. चाचा तिला म्हणाले, "नंबर पुढच्या चौकातनं काढून आणा. चिठ्ठी आणली की चष्मा मी करून देतो." अक्षरांचा तक्ता भिंतीकडं तोंड करून ठेवलेला. बाई गेल्यावर मी भांडले. चाचा, तुम्ही डोळे तपासून घेतलेत, डाव्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, उजवा स्वच्छ आहे, तुम्ही उजव्यानं पाहिलं होतं, हे काय चालवलंय?

ते चष्म्याची काडी ऊन करून वाकवत होते. काम न थांबवता म्हणाले, "डोळा स्वच्छ हाय, डॉक्टरनं सांगितलं. पर डोळ्यामागं कोन बसलंय, त्याचा भरवसा ऱ्हायला न्हाई. लोकान्ला विचारतो, आ दिसतोय का बा दिसतोय. त्येंनी मला विचारलं तर?"

मग काडी खाली ठेवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "पोरी, तू टिपलास म्हनतीस त्यो ठिपका. माझ्यासाठी म्हनतीस, का खराच हुता?"

"होता, चाचा."

"धूळ न्हवती कशावरनं?"

मला माहीत नाही. तिरपा होता, खालच्या अंगाला होता, चिकटून होता. पण त्याच फोटोत मी दुसरे कितीतरी कण पुसले आणि ते धूळच होते. मी डोळा लावून पाहिलं असतं तर एका शब्दात सांगितलं असतं. त्यांनीच मला शिकवलं होतं, दिसलं नसताना दिसलं म्हणू नये. म्हणून मी म्हटलं, "मला नाही सांगता येत."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "बरोबर बोललीस," म्हणाले, आणि काडी पुन्हा दिव्यावर धरली.

तो तक्ता अजून भिंतीकडं तोंड करून आहे. गेल्या आठवड्यात पाहिला, पाठीवर धूळ बसलीय. आरशाचा डबा काउंटरखाली आहे. त्या माघानंतर ते माळावर आले नाहीत. गाडी रोज संध्याकाळी वेळेवर येते, गावातल्या पोरी तिच्यातून कॉलेजहून उतरतात, मला बघून हात करतात. मी फाट्यावर उभी असते. गाडी चांगली रिकामी होईपर्यंत बघते, आणि मग घरी जाते.

तर मागणी. ही विनंती नाही. गेल्या पौषातली वद्य दशमी, तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन संध्याकाळी, दिवस मावळल्यावर तासाभरात, तुमच्यापैकी ज्यानं कुणी पश्चिमेकडं दुर्बीण किंवा मोठ्या भिंगाचा कॅमेरा रोखला असेल, मग तो साताऱ्याच्या गच्चीवरून असो, महाबळेश्वरच्या पॉइंटवरून असो की मिरजेच्या रानातून, त्यानं आज ते फोटो उघडावेत. पक्ष्यांचे असतील, शुक्राचे असतील, मावळतीचे असतील, उघडा. उजळू नका. कापू नका. कुठलाही पांढरा कण टिपू नका, तो कितीही घाण दिसला तरी. मूळ फोटो आहे तसा घेऊन विश्रामबागेत चाचांच्या काउंटरवर ठेवा आणि भिंतीकडं फिरवलेला तक्ता दिसला की त्याच दुकानात आलात असं समजा. त्यात दोन ठिपके निघाले तर आणा. एकच निघाला तरी आणा. मी चाचांना विचारूनच हे लिहितेय. ते म्हणाले, "एक आसंल तर एक. पर कुनीतरी बघून सांगा."